फागीची ओळ

हेदीच्या पाड्यावरच्या रंगूबाईला गर्व फार, असं तिच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती आणि पाठीमागे म्हणायचं कोणी सोडलं नव्हतं. रंगूबाईला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. बावीस वर्षं ती पाड्यावरची अंगणवाडी चालवत होती. स्वतःचा मोबाईल नंबर तिला धड सांगता यायचा नाही, पण पाड्यावरच्या एकसष्ट पोरांपैकी कोणाचंही नाव घ्या, भाकरी थापता थापता ती त्याचं गेल्या तीन महिन्यांचं वजन सांगे, तेही ग्रॅमसकट. अशा बाईने गर्व करायचा नाही तर काय तिच्या नवऱ्याने करायचा?

शिवाय हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पाड्यावर पोर शाळेत जाईपर्यंत त्याला वाराचं नाहीतर महिन्याचं नाव चिकटलेलं असतं. बुधवारी झाली ती बुधी, सोमवारी झाला तो सोम्या, फाल्गुनात झाली ती फागी. पुढे शाळेत नाव घालताना गुरुजी विचारतात तेव्हा कुठे त्यातून रूपेश नि सपना निघतात. तोवर आठवड्याला वार सात आणि पाड्यावर पोरं एकसष्ट! त्या साली रंगूबाईकडे सात बुध्या होत्या, आणि कुठल्या बुधीला कुठली लस झाली हे ती झोपेतही चुकत नसे.

दिवाळीनंतरच्या सोमवारी महिन्याची वजनं झाली. धोंडीच्या फागीला तिने काट्याच्या झोळीत बसवलं, आकडा पाहिला, पोरीला बाहेर काढलं, झोळी झटकली आणि पुन्हा बसवलं. सहा किलो चारशे. गेल्या महिन्यात सात-तीनशे होती. सण सुरू होता तेव्हाच पोरीला ताप आणि जुलाब झाले होते, आणि दीड वर्षाच्या पोरीतून नऊशे ग्रॅम निघून गेले होते. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर ती लालवर, म्हणजे धोक्याच्या रंगावर आली. फागी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. रंगूबाईला भीती वाटली ती याचीच; रडणाऱ्या पोराची तिला कधी भीती वाटली नव्हती.

"तुळशे, नीट ऐक," ती फागीच्या आईला म्हणाली. "गुरुवारी संस्थेची गाडी येल. फागीला घेऊन तू जव्हारला दवाखान्यात जायचा. तीन आठवडे राहायचा."

"आम्हाला शुक्रवारी वीटभट्टीवर जायचा हाय ना, बाई," तुळशी म्हणाली. "मुकादमाचा ट्रक येतंय."

"ट्रक शुक्रवारी येतंय, गाडी गुरुवारी. तवर हलायचा नाय."

"यादीत नाव लागंल ना पण?"

"मी लिवलाय म्हणजे लागंल," रंगूबाई म्हणाली.

सगळं त्या यादीवर होतं. यादीत नाव असलं की गाडी दारात येई, वॉर्डात खाट मिळे, आईच्या जेवणाचीही सोय होई. नाव नसलं तर धोंडी काही आपण होऊन पोरीला दवाखान्यात न्यायचा नव्हता. तो वाईट माणूस नव्हता, पण मुकादमाला शब्द देऊन बसला होता. एकदा पोर भट्टीवर गेलं की ते भिवंडीकडे आहे की पनवेलकडे हे शोधायला चार महिने जातात, आणि फागीकडे चार महिने नव्हते. रंगूबाईने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. आपला शब्द दिला आणि बुधवारच्या बैठकीची वाट पाहत बसली.

बुधवारी काळीपिवळीत कोंबून घेत ती मोखाड्याला पोचली. एका संस्थेने चौदा पाड्यांवरच्या पोरांचं काम घेतलं होतं. सेविका आपापल्या रजिस्टरचे फोटो मोबाईलवरून पाठवत, संस्थेचा तुषार ते आकडे कॉम्प्युटरच्या एका भल्या मोठ्या शीटमध्ये भरी, आणि त्या शीटवरून गाडीची यादी निघे. चारशे बारा पोरं, म्हणजे चारशे बारा ओळी. आडवे रकाने तर विचारूच नका. आधी नंबर, मग पाडा, पोराचं नाव, बापाचं नाव, आणि मग एप्रिलपासून दर महिन्याचं वजन, उंची आणि दंडघेर. तुषार नाशिकचा, कॉम्प्युटर शिकलेला, बोलायला गोड आणि कामात झपाटा दांडगा. झपाटा जास्त झाला की काय होतं ते आता कळेलच.

भिंतीवर पडदा लावून त्यावर शीट दाखवली होती. संस्थेच्या योगितामॅडमनी गाडीची यादी वाचायला घेतली. सात नावं होती. रंगूबाई कान टवकारून बसली.

"हेदीचा पाडा," मॅडम म्हणाल्या, "बुधी जगन."

रंगूबाईच्या कपाळाला आठी पडली. जगनची बुधी दिवाळीपासून जामसरला मामाकडे होती. तिचं वजन झालंच नव्हतं, तर यादीत तिचं नाव आलं कुठून? असेल काही, म्हणून ती पुढच्या नावाची वाट पाहू लागली. पुढचं नाव दुसऱ्याच पाड्याचं निघालं, त्याच्या पुढचं तिसऱ्या, आणि सात नावं संपली. फागी आलीच नाही.

ती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात मॅडमनी हसत हसत एक मोठा खोका टेबलावर ठेवला. पाच लिटरचा कुकर!

"आता आनंदाची गोष्ट. या महिन्यात चौदा पाड्यांत सगळ्यात जास्त वजन ज्या बाळाचं वाढलं, त्या बाळाच्या सेविकेचा आपण सत्कार करणार आहोत. सात-तीनशेवरून नऊ-शंभर! एका महिन्यात एक किलो आठशे! रंगूताई, या पुढे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या पाड्याची सेविका सपना, वयाने लहान आणि तोंडाने मोठी, हिने तर शिट्टीच मारली. रंगूबाई पुढे गेली. खरं सांगायचं तर त्या दहा पावलांत तिला फार बरं वाटलं. बावीस वर्षांत तिला खरमरीत पत्रं पुष्कळ आली होती, पण तिच्यासाठी टाळी कोणी वाजवली नव्हती. तिने खोका हातात घेतला. फोटोसाठी मान ताठ केली.

"आणि त्या गुणी बाळाचं नाव," मॅडम म्हणाल्या, "फागी धोंडी."

फोटो निघाला. त्यात रंगूबाईचं तोंड उघडं आहे.

"माझ्या फागीचं वजन एवढं नाय," ती म्हणाली.

"काय म्हणालात, ताई?"

"सहा-चारशे हाय तिचं वजन. वाढलं नाय, घटलंय. तिला गाडी पायजे. हा कुकर नको."

सभागृहात चुळबुळ झाली. तुषारने लॅपटॉपकडे पाहिलं आणि समजुतीने हसला. "ताई, शीटमध्ये नऊ-शंभर आहे. आणि यादी शीट बनवते, मी नाही. सहा-चारशे आहे ते बुधीचं."

"बुधी पाड्यावर नायच. जामसरला हाय."

"मग ती दुसरी बुधी असेल. तुमच्याकडे सात बुध्या आहेत, माझ्या लक्षात आहे," तुषार म्हणाला, आणि चार बायका हसल्या.

हसण्यासारखं होतंच ते. पण रंगूबाईच्या डोळ्यांपुढे न रडणारी फागी होती. तिने खोका खाली ठेवला आणि सरळ पडद्याशी जाऊन उभी राहिली. "दाखव मला, सर. फागीचं नाव दाखव."

तुषारने शीट खाली खाली सरकवली. दोनशे सदतीस नंबरला फागी धोंडी सापडली.

"आता वजन दाखव."

त्याने शीट बाजूला सरकवायला घेतली. एप्रिल गेला, मे गेला, आकड्यांची रांग लागली. नोव्हेंबर आला तेव्हा नावं कधीच डाव्या बाजूने पडद्याबाहेर गेली होती. वरचे मथळेही नव्हते. राहिले नुसते आकडे. सहा-चार, अडुसष्ट, दहा-आठ, नऊ-एक, त्र्याहत्तर.

"यातलं फागीचं कुठलं?"

"हे. नऊ-एक."

"कशावरून?"

तुषारने पुन्हा शीट डावीकडे नेली. नावं आली, वजनं गेली. रंगूबाईने फागीच्या नावावर बोट ठेवलं, भिंतीला अगदी टेकवून. "आता ने तिकडं. माझं बोट हलायचं नाय." त्याने उजवीकडे नेलं, पण नेता नेता शीट एक ओळ वर सरकली. रंगूबाईचं बोट होतं तिथेच होतं, मात्र त्याच्याखाली आता भलत्याच पोराचं वजन होतं. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः उठून पाहिलं, आणि हे वजन आहे की दंडघेर, यावरच दोघांची जुंपली.

"नाव हाय तिथं वजन नाय आणि वजन हाय तिथं नाव नाय," रंगूबाई म्हणाली. "हे असं बघून तुम्ही पोरं निवडता?"

आता कोणी हसलं नाही. मॅडम जरा तुटकपणे म्हणाल्या, "ताई, इतक्या मोठ्या शीटमध्ये सगळं एकदम दिसणं शक्यच नाही."

"शक्य नाय?" रंगूबाईने पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं आणि टेबलावर धपकन ठेवलं. "बघा मग."

ते रजिस्टर पाहिलं असतं तर कुठल्याही कारकुनाला घेरी आली असती. पहिल्या पानाच्या बाहेरच्या कडेला घरांच्या ओळीने एकसष्ट नावं लिहिलेली होती, पोराचं आणि शेजारी बापाचं. ते एक आणि सगळ्यात शेवटचं, अशी दोनच पानं अख्खी होती. मधली सगळी पानं तिने बाहेरच्या कडेने चार बोटं कापून टाकली होती. त्यामुळे कितीही पानं उलटा, एप्रिल काढा नाहीतर नोव्हेंबर, उलटलेलं पान नावांच्या अलीकडेच थांबे आणि नावांची पट्टी कडेने उघडीच राही. पानं वरूनही दोन बोटं छाटली होती, म्हणजे शेवटच्या अख्ख्या पानावरचे 'वजन, उंची, दंड' हे मथळे कायम वर डोकावत. पहिल्या वर्षी दर महिन्याला सगळी नावं नव्याने लिहिताना एकदा तिने एका सोम्याचं वजन दुसऱ्या सोम्याला लावलं होतं. त्या संध्याकाळीच तिने शिलाईची कात्री घेतली. सरकारी रजिस्टर कापलं म्हणून एका साहेबांनी तिला सर्वांसमोर झापलं, तेव्हा ती म्हणाली होती, "पानं तुमची हायत, साहेब, पोरं माझी हायत." त्याचंही एक पत्र तिच्याकडे होतं.

तिने नोव्हेंबरचं पान काढलं. कडेला फागी धोंडी, त्याच ओळीत सहा-चार, भोवती लाल गोल. वरच्या ओळीत बुधी जगन आणि तिच्यापुढे आडवी रेघ.

तुषार रजिस्टरवर वाकला. त्याने एक पान उलटलं, परत आणलं, पुन्हा उलटलं. पोरगा मुळात हुशार होता, आणि हुशार माणसाची चूक त्याला दाखवली की तो दुरुस्तीला लागतो. तोही लॅपटॉपकडे वळला.

"फ्रीझ," तो पुटपुटला. "याच्यात पण आहे ते. ओळ जागच्या जागी धरून ठेवायचं. मी कधी वापरलं नाही."

"मंग वापर," रंगूबाई म्हणाली.

आधी त्याने सगळ्यात वरची ओळ धरून ठेवली. शीट कितीही खाली नेली तरी मथळे वरच राहिले. बायका "हां!" म्हणाल्या. मग शीट उजवीकडे नेली, तर नावं पुन्हा पसार.

"थांबा," म्हणून त्याने पहिला रकाना धरला. आता उजवीकडे नेल्यावर डाव्या बाजूला दोनशे सदतीस हा नंबर तेवढा राहिला. नावं नव्हतीच, आणि मघाशी धरलेले मथळेही सुटून गेले होते.

"नंबर राहिला आणि पोर गेलं," रंगूबाई म्हणाली. "नंबराला हाक मारू का आता पाड्यावर जाऊन?"

तुषारने घाम पुसला. मग त्याने विचारलं तो प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. "ताई, तुम्ही कात्री कुठून लावली?"

"म्हंजे?"

"पानं कुठवर कापली? नक्की कुठे थांबलात?"

रंगूबाईने रजिस्टरवर बोट ठेवून दाखवलं. "नावाच्या पुढं. बापाचं नाव संपलं का तिथं. बापाचं नाव पायजेच, नायतर सातातली बुधी कुठली ते कळंल कसं? आणि वरनं मथळ्याच्या खाली. हे बघ, हा कोपरा. याच्या वरचं हलायचं नाय आणि याच्या डावीकडचं हलायचं नाय."

"हा कोपरा," तुषार म्हणाला. त्याने शीटमध्ये तोच कोपरा शोधला, बापाच्या नावाच्या उजवीकडचा आणि मथळ्यांच्या खालचा पहिला चौकोन. त्यावर टिचकी मारली आणि पुन्हा फ्रीझ केलं. एक बारीक रेघ आडवी उमटली, एक उभी.

त्याने शीट खाली नेली. मथळे हलले नाहीत. उजवीकडे नेली. एप्रिल, मे, जून भराभर सरकत बापाच्या नावामागे जाऊन लपले, पण नंबर, पाडा, पोर आणि बाप ठाण मांडून बसले. नोव्हेंबर आला. वर लिहिलेलं 'वजन', डावीकडे लिहिलेलं 'फागी धोंडी', आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे नऊ-एक.

"आता माझ्याशी ताडून बघ," रंगूबाई म्हणाली आणि रजिस्टर वाचू लागली. "बुधी जगन, रेघ."

"इथे सहा-चार."

"फागी धोंडी, सहा-चार."

"नऊ-एक."

"मंगळी विनोद, नऊ-एक."

तुषार थांबला. त्याला पुढचं वाचावं लागलंच नाही. बुधीपुढची रेघ त्याने सोडून दिली होती, आणि तिथून खाली प्रत्येक पोराला त्याच्या शेजारच्या घरातल्या पोराचं वजन मिळालं होतं. पाड्याची शेवटची ओळ कोरी राहिली होती. ते पोर गैरहजर असेल असं तो धरून चालला होता. एकोणीस पोरं एकेक घर वर सरकली होती, आणि मामाकडे मजेत असलेल्या बुधीला आणायला गाडी निघणार होती.

"माझी चूक," तो म्हणाला. तोंड पडलं होतं, पण बोलला सर्वांच्या देखत. "भरताना नावं दिसतच नव्हती. मी नुसता अंदाजाने खाली खाली भरत गेलो."

"चूक माझ्याकडनं पण झालेली, पहिल्या साली," रंगूबाई म्हणाली. "म्हणून त कात्री घेतली. आधी फागीचं नाव लाव."

एकोणीस वजनं आपापल्या घरी परत गेली. बुधी यादीतून निघाली आणि तिच्या जागी फागी धोंडी आली. मॅडमनी सर्वांसमोर वॉर्डात फोन लावला आणि नाव कळवलं. तेवढ्यात सपना उठली, "माझा पण पाडा बघा," म्हणाली, आणि तिच्याकडेही दोन पोरांची वजनं अदलाबदल झालेली निघाली. मग काय, बाकीच्या तेराही जणी रजिस्टरं घेऊन पडद्याभोवती जमल्या. चहा निवून गेला. रंगूबाई खुर्चीत बसली होती आणि तिचं कापलेलं रजिस्टर या हातातून त्या हातात फिरत होतं. आपल्या कात्रीचा कोपरा कॉम्प्युटरला सापडायला बावीस वर्षं लागली, हे तिच्या मनात आलं आणि तिला इतका अभिमान वाटला की तो लपवायचे कष्टही तिने घेतले नाहीत.

निघताना मॅडम कुकरचा खोका घेऊन आल्या. "ताई, हा ठेवा तुम्ही."

"वजन कोणाकडं खरं वाढलं ते बघा आणि तिला द्या," रंगूबाई म्हणाली. "माझा घटलाय या महिन्यात."

कुकर सपनाला गेला.

गुरुवारी सकाळी गाडी पाड्यावर आली. धोंडी अंगणात पाय रोवून उभा होता. "बाई, तुळशी नाय आली त जोडी मोडंल ना माझी. भट्टीवर जोडीलाच काम, एकट्या गड्याला मुकादम काय करल?"

"तुझा भाऊ घरी बसून हाय, त्याची जोडी कर," रंगूबाई म्हणाली. "भट्टी पुढच्या साली पण हाय. फागी एकच हाय."

ड्रायव्हरने मोबाईल पाहून मोठ्याने नाव वाचलं, "फागी धोंडी, हेदीचा पाडा," तेव्हा धोंडीने मान खाली घातली, घरात जाऊन फागीची गोधडी आणली आणि स्वतःच्या हाताने गाडीत ठेवली. तुळशी पोरीला घेऊन बसली. गाडी घाटाच्या वळणाआड गेली तरी रंगूबाई उभी होती. बाकी पोरं अंगणवाडीत वाट पाहत होती, म्हणून मग ती वळली.

तीन आठवडे ती कोणाशी नीट बोलली नाही. खिचडीत दोनदा मीठ पडलं. मदतनीस म्हणाली, बाईला गर्वाबरोबर आता विसराळूपणा आला. रंगूबाईने तेही ऐकून घेतलं, यावरून तिची अवस्था समजावी.

एकविसाव्या दिवशी सकाळी पोरांना पाठवायला आलेल्या बाया दारातच गप्पा मारत थांबल्या होत्या, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाई, मी तुळशी. नर्सबाईच्या फोनवरून बोलतंय."

रंगूबाईने फोन कानाशी घट्ट धरला. "बोल," ती म्हणाली.

"फागीचा वजन केला आता. सात किलो पाचशे झाला. आणि बाई, लय रडतंय हो ती. सारा वॉर्ड डोक्यावर घेतलाय. माझ्याबिगर दुसऱ्या कोणी उचललेला तिला चालत नाय."

रंगूबाईने रजिस्टर ओढलं, डिसेंबरचं पान काढलं, कडेच्या पट्टीवर फागीचं नाव धरलं आणि त्या ओळीत सात-पाच लिहिलं. डोळे भरून आल्यामुळे पाच जरा वाकडा आला. मग तिने फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन दाराच्या दिशेने धरला.

"तुळशे, ऐकू नाय आला. परत सांग."

"सात किलो पाचशे!"

"अजून एकदा. जोरात."

तुळशी अशी काही ओरडली की तिच्या मागे नर्सबाई हसायला लागली, आणि दारातल्या बायाच काय, पार विहिरीवरच्या बायांनाही फागीचं वजन कळलं.